लवणात मेंढ्या कुणी बसवल्या

साल १९६६. पाडवा तोंडावर आला होता आणि आई व मी मामाच्या गावाहून परत येत होतो. एस.टी. फाट्यावर सोडायची, तिथून गावापर्यंत पायी. वाटेत आमचं लवणातलं, ओढ्याकडं उतरत्या खोलगट जागेतलं, रान लागायचं. आई दर वेळी तिथं घटकाभर थांबायची, पदरानं तोंड पुसायची आणि पुढं चालायची. त्या दिवशी ती थांबली ती हलेचना.

आम्ही मामाकडं गेलो तेव्हा जोंधळा नुकताच निघाला होता आणि रानात नुसती धसकटं होती. आता बांधापासून पार ओढ्यापर्यंत रान लेंड्यांनी काळं झालं होतं. उन्हात त्याचा उग्र वास सुटला होता. कडेला तीन दगडांची चूल, तिच्यात विझलेली राख, आणि मेंढ्यांभोवती जाळी ताणायला ठोकलेल्या खुंट्यांची भोकं.

"मेंढ्या बसवल्यात," मी म्हणाले.

"मला डोळं हायती."

"बरंच झालं की. खत पडलं."

"पडलं न्हाई, पाडलंय. धनगर काय फुकट बसतो व्हय कुणाच्या रानात? पायलीनं जोंधळा मोजून घेतो. मी न्हाई दिला. मग दिला कुणी?"

मी पंधरा वर्षांची होते. मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. पण आईनं खाली वाकून मूठभर लेंड्या उचलल्या, बोटांनी चुरगाळल्या आणि विंचू झटकावा तशा टाकून दिल्या.

तेव्हाची रीत सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. कसेल त्याची जमीन असा कायदा झाल्यापासून आमच्या भागात रानवाल्यांनी एक युक्ती धरली होती. रान वाट्यानं द्यायचं ते या पाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंत. पाडव्याला मालकानं नारळ आणि विडा हातावर ठेवला की वर्षाचा करार झाला. कागद नाही, काही नाही. आणि पुढच्या पाडव्याला तो नारळ दुसऱ्याच्या हातावर. एक माणूस एका रानात मुरू द्यायचा नाही. त्यामुळं मालकांची रानं राहिली, पण रानांची माती झाली. एका सालाचा माणूस रानातून घेतो, रानाला देत नाही. पाणी अडवणारी दगडी ताल फुटली तर तो बांधत नाही, खताची पाटी टाकत नाही. आमच्या लवणात तर कुंद्याचं गवत एवढं माजलं होतं की नांगर अडकून बैल गुडघ्यावर यायचे. कुंद्याची मुळी हातभर खोल जाते. ती खणून काढायला दोन-तीन सालं लागतात. एका सालासाठी कोण कंबर मोडून घेईल?

वडील वारले तेव्हा मी बारा वर्षांची होते. भाऊ नाही. वाटणीत आलेलं हे चार एकर लवण एवढंच आमचं. ते गेलं असतं तर आईला आणि मला धाकट्या चुलत्याच्या, आप्पांच्या, चुलीपुढं जाऊन बसावं लागलं असतं. आप्पा वाईट बोलायचे नाहीत. पण त्यांच्या घरी जेवायला बसलं की आई निम्म्या भाकरीवर उठायची.

वडिलांमागं पहिल्या साली रान करणाऱ्यानं कुंद्यात जोंधळा पेरला आणि कुंदाच काढला. मग मल्हारी भिसे आला. त्याला स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती, पण बैलजोडी चांगली होती आणि बायको हौसा त्याच्या बरोबरीनं राबणारी होती. सालभर दोघांनी कुंदा खणला. वाटणीला पोती वाढली. तेव्हा आईनं रीत मोडली आणि दुसऱ्या पाडव्यालाही नारळ मल्हारीलाच दिला. आता ते दुसरं साल सरत होतं.

घरी आलो तर आप्पा सोप्यात बसलेच होते.

"आलात, वैनी? वाटंत लवण बघितलं असंल."

"बघितलं. कुणी बसवल्या, भावजी?"

आप्पांनी पानाला चुना लावला. घाई केली नाही. "आता मी कशाला कुणाचं नाव घेऊ. गावात इचारा. सगळी म्हणत्यात, मल्हारीनं बसवल्या."

"मल्हारी तर गुऱ्हाळावर गेलाय ना? हौसाबी गेलीया."

"जाताना सांगून गेला असंल धनगराला. आपण हितं नसताना काम झालेलं बरं, न्हाई का?" त्यांनी पान गालात सारलं. "वैनी, तुमीच इचार करा. मेंढ्यांचं खत किती सालं पुरतं?"

"तीन."

"आणि त्याचं साल कधी संपतंय?"

"पाडव्याला."

"मग जाता जाता दुसऱ्याच्या रानात मेंढ्या कोण बसवतं? ज्याला उठायचं न्हाई, त्यो." ते उठले, वहाणा पायात सरकवल्या. "मी काय बोलत न्हाई. रान तुमचं."

ते गेल्यावर आई उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "शालन, मल्हारी आला की मला हाक मार. आणि तू मधे बोलू नकोस."

मल्हारी दोनच दिवसांनी आला. गुऱ्हाळावरून आणलेली गुळाची ढेप त्यानं सोप्यात ठेवली. उंच, काळा, पुढचा एक दात पडलेला माणूस. हसला की त्या फटीतून जीभ दिसायची. त्या दिवशी तो जरा जास्तच हसत होता.

"बसा," आई म्हणाली. एरवी ती त्याला अरे-तुरे करायची. "लवणाकडं गेला होता?"

"तितनंच आलोय सरळ, आक्का."

"मेंढ्या बऱ्या बसल्यात."

"बऱ्या? अवो, पाय ठेवाय जागा न्हाई!" मल्हारीनं हात जोडले. "लई भारी काम झालं. आता कुंदा मेलाच म्हणून समजा. यंदाच्या सालात उरल्यासुरल्या मुळ्या काढतो, मग बगा जोंधळा कसा येतो ते."

"यंदाच्या सालात," आई हळूच म्हणाली.

"व्हय. तिसरं साल ना आपलं."

"तिसरं साल हाय, हे तुला कुणी सांगितलं?"

मल्हारी तिच्याकडं बघत राहिला. मग आपली थट्टा चालली आहे असं वाटून खळखळून हसला. "रानानंच सांगितलं की, आक्का! आता तोंडानं आणि कशाला बोलाय पायजे?"

आईनं गुळाच्या ढेपेकडं नुसतं पाहिलं. नंतर मागच्या दारी, त्याच्याबरोबर आलेल्या हौसानं मला हरभऱ्याचा सोलाणा दिला आणि कानात सांगितलं, "तुझी आय देवमाणूस हाय बग. उद्यापासनं आमी ताल बांधाय घेणार. दगडं टाकून ठेवलीत ओढ्याकडनं. आता कशाला थांबायचं?"

ते जाताच मी भाबडेपणानं आईला सांगितलं की ते ताल बांधणार आहेत. आईचा चेहरा उतरला.

"खत झालं. आता दगडाची ताल. पुढं विहीर खणंल, मग वस्ती टाकंल," ती म्हणाली. "तुझा चुलता बोलला ते खोटं न्हाई."

गुळाची ढेप तिनं फोडली नाही. तशीच फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवली. मी दोनदा मागितली, दोन्ही वेळा ओरडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन लवणाकडं गेली. बांधाआडून पाहिलं तर मल्हारी आणि हौसा खरंच ताल रचत होती. मल्हारी एकेक दगड फिरवून बसवत होता, कुठल्या बाजूनं नीट बसतो ते बघत होता. परक्याच्या रानात कुणी दगड असा फिरवून बसवत नाही, हे मलाही कळलं. आई मागं फिरली.

पाडव्याला गुढीची पूजा झाली. मल्हारी नवं मुंडासं बांधून आला आणि सोप्याच्या पायरीशी उभा राहिला. आप्पा आधीच आले होते. आईनं ताटात नारळ आणि विडा घेतला, उंबरा ओलांडला, आणि ताट आप्पांपुढं केलं.

"भावजी, लवण औंदा तुमी करा."

आप्पांनी नारळ उचलला. मल्हारीला आधी समजलंच नाही. समजल्यावर तो पायरीवरून एक पाऊल मागं सरला.

"आक्का, काय चुकलं माजं?"

"चुकायच्या आधीच थांबवलंय."

"ताल तेवढी अर्धी राहिलीया..." तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज चढला. "मग मेंढ्या कशापायी बसवल्या?"

"तेच तर आमी इचारतोय!" आप्पा गरजले. "वर तोंड करून आमालाच इचारतोस? चल, नीघ."

मल्हारीनं आईकडं पाहिलं. आई ताटाकडं बघत होती. तो वळला आणि गेला. नव्या मुंडाशाचा शेव मागं सुटला होता, तोही त्यानं सावरला नाही.

त्या साली लवणात जोंधळा आला तो माणूस आत शिरला तर दिसू नये असा. येणारच होता. कुंदा मल्हारीनं काढला होता, खत पडलं होतं, आणि अर्ध्या तालीनंसुद्धा पाणी अडलं होतं. आप्पांची मुलं पेरणीला नुसती पाभर धरून मागं चालली. मळणी झाली तेव्हा आई खळ्यावर गेली. आप्पा म्हणाले, "तुमी कशाला उन्हात आलात? येतील की पोती घरला."

"निम्मी वाटणी हितंच झाली तर बरं, भावजी."

"वाटणी? घरातल्या घरात वाटणी कसली, वैनी? तुमाला लागंल तेवढं आमी पोचवू."

पोचलं ते मल्हारीच्या वेळच्या निम्म्याहूनही कमी होतं. त्यानंतर ती आप्पांच्या बोलण्याकडं बारीक लक्ष देऊ लागली. एकदा ते म्हणाले, "लवणात विहीर घ्यावी म्हणतो." एकदा म्हणाले, "शालनचं लगीन आमीच करू. रान आपल्यातच राहील, मग काळजी कसली?" आई "व्हय" म्हणायची आणि त्यांची पाठ फिरली की दाराला कडी लावायची. आधी ती मल्हारीवर संशय घ्यायची, आता कुणावर घेत होती ते तिनं मला सांगितलं नाही. कदाचित तिलाही नीट ठरवता येत नसावं.

फाल्गुनात धनगर परत आले. त्यांचा तळ ओढ्यापलीकडं पडला. धुळा धनगराची बायको ठकू आमच्या दारी ताक मागायला आली. पाठीला तान्हं मूल, हातात लोटा. आई तिला ताक घालत होती.

"औंदा कुणाच्या रानात बसताय गं?" आईनं सहज विचारलं.

"पाटलाच्या. तुमच्या लवणात बसायचं म्हणून म्या इचारलं, पण आप्पा न्हाई म्हणलं. म्हणलं, गेल्या सालीच बसवल्यात, अजून दोन सालं बघाय नगं."

आईचा हात थांबला नाही. लोटा भरला. "गेल्या साली तुमाला कुणी बसवलं हुतं?"

"कुणी म्हंजे? आप्पांनीच की!" ठकू हसली. "चावडीपशी आलं हुतं आमच्या धन्याकडं. म्हणलं, वैनी माहेराला गेलीया, वाटेकरी गुऱ्हाळावर गेलाय, बाईमाणसाचं रान हाय, आपणच बगितलं पायजे. जोंधळाबी लगीच मोजला. असा दीर मिळाय नशीब लागतं बगा."

"लागतं खरं," आई म्हणाली. "आणि घे ताक. पोराला अंगावर पाजतीस, रोज येत जा."

ठकू गेल्यावर आई चुलीपुढं बसली. मला वाटलं आता रडेल. पण ती चक्क हसली, नाकातून, आवाज न करता.

"ज्याला उठायचं न्हाई त्यो मेंढ्या बसवतो. माझ्याच सोप्यात बसून, मलाच सांगितलं त्यानं. त्यात खोटं काय हुतं, शालन? मीच दुसरीकडं बघत बसले."

"पण मल्हारी तेव्हा बोलला का नाही, की मी नाही बसवल्या?"

"चल, इचारू त्याला."

मल्हारी त्या साली वरच्या आळीच्या एका माणसाचं माळरान करत होता. एका सालाच्या बोलीवर. आम्ही गेलो तेव्हा हौसा अंगण शेणानं सारवत होती. ती उठली नाही. मल्हारी दारात आला, पण या म्हणाला नाही.

"मल्हारी, लवणात मेंढ्या तू बसवल्या नव्हत्यास?"

"म्या?" त्यानं आईकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू हा नवा डाव कसला ते तो तपासतोय. "माज्याकडं जोंधळा कुठला हुता धनगराला द्याय? तुमी बसवल्या."

"मी न्हाई."

"मग?"

"आप्पांनी."

हौसाचा हात सारवता सारवता थांबला. मल्हारी दाराच्या चौकटीला टेकला.

"मग तू मला तेव्हाच का न्हाई इचारलंस?" आई म्हणाली.

"काय इचारू? मालकिणीनं रानाला खत घातलं, म्हंजे मला ठिवायचं तिच्या मनात हाय, एवढं कळाय मी काय खुळा हाय? ठिवलं का, ठिवलं का, म्हणून इचारत बसायचं व्हय?" त्याचा आवाज कडवट झाला. "तुमी का न्हाई इचारलं?"

"चोराला, तू चोर हाईस का, म्हणून कोण इचारतं?"

"हां. म्हंजे चोर म्हणूनच बगत हुता."

"व्हय," आई म्हणाली. "बगत हुते. आता रान परत धर."

"न्हाई धरत."

मला वाटलं, संपलं. आईनं मात्र पदर खोचला आणि अंगणातल्या दगडावर बसली. "का?"

"एका सालाचं रान मी आता धरत न्हाई, आक्का. तुमचं तर न्हाईच. पुढच्या पाडव्याला आणि कोण कुत्रं येऊन भुकलं, की नारळ त्याच्याकडं. मी मुळ्या काढायच्या, जोंधळा दुसऱ्यानं न्यायचा."

"मग किती सालाचं पायजे?"

मल्हारी हौसाकडं बघायला लागला. हौसानं शेणाचा हात पुसत सांगितलं, "ताल पुरी कराय दोन सालं. हीर खणाय दोन. मग कुठं तिचं पाणी खायचं. धा तरी पायजेत."

"आणि तोंडी नगं," मल्हारी म्हणाला. "तलाठ्याच्या पीकपाण्याच्या नोंदीला माजं नाव लागलं पायजे. चावडीवर, चार माणसांत."

हेच ते. गावातला प्रत्येक रानवाला ज्याला भीत होता तेच तो मागत होता. नाव लागलं की उद्या मालकी मागायचा रस्ता उघडला. आईनं मान खाली घातली आणि बोटानं जमिनीवर रेघा ओढत बसली. मग विचारलं, "नाव लागल्यावर तू रान मागणार न्हाईस कशावरनं?"

"कशावरनंच न्हाई," मल्हारी म्हणाला. "तुमी मला हाकलणार न्हाई कशावरनं?"

आई उठली. "पाडव्याला ये. मुंडासं बांधून ये."

पाडव्याला आप्पा नारळ घ्यायला आले, सोबत थोरला मुलगा. या वेळी मल्हारी पायरीवर नव्हता, सोप्यात घोंगडीवर बसला होता. आईनं नारळ त्याच्या हातावर ठेवला.

आप्पा पायरीवरच थबकले. मग म्हणाले, "वैनी, ह्याला दुसऱ्यांदा घरात घेताय? भोगाल."

"खताचं काय ते सांगायचं हुतं, भावजी. मेंढ्या कुणी बसवल्या ते कळलं मला."

आप्पांचा थोरला मुलगा बापाकडं बघायला लागला. आप्पांनी मात्र नजर चुकवली नाही. "बसवल्या. मग? रान सुधारलंच ना? आमी आपली माणसं हाय. ह्यो परका. उद्या चावडीवर नाव लावाय मागंल!"

"आत्ताच निघालोय तिकडं."

"रान जाईल, वैनी!"

"जाईल तेव्हा जाईल. तवर त्याला खत तरी पडंल, त्ये बी मला सांगून."

चावडीवर तलाठ्यानं चष्मा काढून तिला विचारलं, "बाई, काय करताय ते कळतंय ना?" आई म्हणाली, "मला कळतंय म्हणून तर ह्याला संगं आणलंय. लिवा." घरी परतल्यावर तिनं शिंक्यावरची वर्षभर राहिलेली गुळाची ढेप काढली. मुंग्या लागल्या होत्या. तिनं ती मल्हारीच्या बैलांना घातली.

आप्पा आईशी चार वर्षं बोलले नाहीत. माझ्या लग्नात मात्र मांडवापासून पंगतीपर्यंत राबले आणि अक्षता टाकताना रडलेसुद्धा. त्यातलं खरं किती ते मला आजही ठरवता येत नाही. ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी जमिनी विकल्या आणि ती सांगलीला गेली. ठकू आणि धुळा आणखी काही वर्षं आले. मग पाट आला, ऊस आला, रानं बारमाही भरलेली राहू लागली, आणि मेंढ्यांना बसायला मोकळं रान उरलं नाही. हौसानं म्हटल्याप्रमाणे ताल पुरी झाली, विहीर झाली. दहाची वीस सालं झाली. आई दर आठवड्याला लवणात चक्कर टाकायची. मल्हारी म्हणायचा, "आक्का रान बगाय येत न्हाईत, मला बगाय येत्यात." आई म्हणायची, "दोन्ही."

आई १९८७ साली गेली. शेवटच्या दुखण्यात तिनं मला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "मी गेले की मल्हारी रान मागणार. पयल्यांदा मागंल तवा न्हाई म्हण. दुसऱ्यांदा आला तर निम्मं दे. सगळं देऊ नगंस, सगळं ठिवू बी नगंस."

वर्षश्राद्धाच्या आधीच मल्हारी आला. म्हातारा झाला होता, दात सगळेच गेले होते. पोरं मामलेदार कचेरीत दावा लाव म्हणतात, म्हणाला. मी नाही म्हणाले. तो चहा पिऊन उठून गेला. महिन्याभरानं परत आला. मी म्हणाले, "दावाबिवा नको. निम्मं घ्या. ओढ्याकडचं दोन एकर तुमचं."

मल्हारी हसायला लागला. एवढा हसला की त्याला ठसका लागला आणि मला पाणी आणून द्यावं लागलं.

"काय झालं हसायला?"

"आक्कांनी मला सांगून ठिवलं हुतं," तो डोळे पुसत म्हणाला. "पोरगी पयल्यांदा न्हाई म्हणंल. रागावू नगं. दुसऱ्यांदा जा."